डायलिसिसचा ‘पोर्ट’: एव्ही फिस्टुला, ग्राफ्ट आणि पर्मकॅथ नेमकं काय असतं?

घरात कोणाला किडनीचा आजार असेल तर ‘क्रिएटिनिन’ हा शब्द सगळ्यांना पाठ झालेला असतो. मग एक दिवस डॉक्टर सांगतात, “आता हातात फिस्टुला करून घ्या.” घरी येऊन मोबाईलवर ‘फिस्टुला’ सर्च केलं की भगंदराचे रिझल्ट समोर येतात आणि गोंधळ आणखी वाढतो. म्हणून आधी हे क्लिअर करू. फिस्टुला म्हणजे शरीरातल्या दोन पोकळ जागांना जोडणारी वाट. भगंदर हा त्याचाच एक प्रकार, पण तो आजारामुळे होतो. डायलिसिसचा फिस्टुला सर्जन मुद्दाम बनवतात, तोही हातात. सर्च करताना ‘एव्ही फिस्टुला’ असं लिहा. एव्ही म्हणजे आर्टेरिओव्हीनस, शाळेच्या भाषेत रोहिणी आणि नीला यांना जोडणारा.

रक्त शरीराबाहेर काढायचं, मशीनमधून फिरवायचं आणि परत आत सोडायचं, यासाठी जी जागा लागते तिला ‘व्हॅस्क्युलर ॲक्सेस’ म्हणतात. फोनचं उदाहरण घ्या. चार्जर कितीही भारी असला तरी चार्जिंग पोर्ट खराब असेल तर बॅटरी भरत नाही. डायलिसिसमध्ये हा पोर्ट शरीरातच बनवावा लागतो आणि तो बनवायच्या जागा मोजक्याच असतात. त्यामुळे पेशंटने आणि घरच्यांनी या विषयातलं थोडंफार स्वतः समजून घेतलेलं बरं.

साधी शीर का चालत नाही?

थोडं गणित करू. डायलिसिस मशीनचा पंप मिनिटाला साधारण ३०० मिली रक्त ओढतो. एक सेशन चार तासांचं, म्हणजे २४० मिनिटं. एकूण ७२ लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं पाच लिटरच्या आसपास. म्हणजे तेच रक्त एका सेशनमध्ये चौदा-पंधरा वेळा फिल्टरमधून फिरतं.

ब्लड टेस्टसाठी कोपराजवळच्या ज्या शिरेतून पाच-दहा मिली रक्त काढतात, तिच्यातून मिनिटाला ३०० मिली ओढायला गेलात तर ती स्ट्रॉसारखी चपटी होईल. रोहिणीमध्ये प्रेशर भरपूर असतं, पण ती खोल असते, टोचली की दुखते आणि रक्त लवकर थांबत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, वर्षानुवर्षं रोहिणीत जाड सुया टोचणं शक्यच नाही.

म्हणजे हवंय काय? नीलेसारखी वरवर असलेली, सहज टोचता येणारी वाहिनी, पण तिच्यातून रक्त मात्र रोहिणीच्या जोरात वाहायला हवं. फिस्टुलाची सगळी आयडिया ही एवढीच.

ही आयडिया आली कुठून?

नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, युद्धाच्या काळात, फिरत्या ड्रमची कृत्रिम किडनी बनवली. सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरायची सेलोफेनची नळी त्यांनी फिल्टर म्हणून वापरली. मशीन चाललं, पण अडचण वेगळीच होती. प्रत्येक वेळी नवीन रक्तवाहिनी कापून नळी घालावी लागायची आणि ती वाहिनी नंतर वाया जायची. त्यामुळे डायलिसिस काही वेळाच करता यायचं. किडनी तात्पुरती बंद पडलेल्यांना त्याचा फायदा व्हायचा, कायमची गेलेल्यांना नाही.

१९६० मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हा प्रश्न सोडवला. त्यांनी टेफ्लॉनची नळी वापरली, हो, तव्यावर असतं तेच टेफ्लॉन. एक टोक रोहिणीत, दुसरं नीलेत आणि मधला यू आकाराचा भाग हाताच्या बाहेर. डायलिसिस नसेल तेव्हा रक्त त्या बाहेरच्या नळीतून फिरत राहायचं. त्यांचे पहिले पेशंट क्लाईड शील्ड्स हे बोईंग कंपनीत मशिनिस्ट होते. तोपर्यंत अशा आजारात माणूस काही आठवड्यांत जायचा. ते त्यानंतर दशकभर जगले. पण हाताबाहेर लटकणारी नळी म्हणजे इन्फेक्शन, गुठळ्या आणि चुकून निसटली तर रक्तस्राव.

मग न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या व्हेटरन्स हॉस्पिटलमध्ये जेम्स सिमिनो, मायकल ब्रेशिया आणि सर्जन केनेथ ॲपल यांनी वेगळा विचार केला. बाहेरची नळी हवीच कशाला? मनगटाजवळ रोहिणी आणि नीला थेट एकमेकींना शिवून टाकली तर? १९६५ साली त्यांनी ते करून पाहिलं आणि १९६६ मध्ये १४ ऑपरेशनचा अनुभव छापला. त्यातले १२ फिस्टुला चालले, दोन चाललेच नाहीत. साठ वर्षं होत आली, तरी आजही पहिली पसंती बहुतेक वेळा याच पद्धतीला असते. मेडिकल टेक्नॉलॉजीत इतकी जुनी गोष्ट अजून टॉपवर असणं दुर्मीळच. आणि यात ना चिप आहे, ना बॅटरी, फक्त टाके.

खरं काम ऑपरेशनच्या आधी सुरू होतं

या लेखातला हा भाग घरातल्या सगळ्यांना दाखवा, कारण चूक सगळ्यात जास्त इथेच होते.

फिस्टुलाला चांगली शीर लागते आणि ती आपण स्वतःच्या हाताने घालवून बसतो. आपल्याकडे अशक्तपणा वाटला की “एक सलाईन लावून टाका” म्हणायची सवय आहे. प्रत्येक सलाईनची सुई, प्रत्येक इंट्राकॅथ शिरेच्या आतल्या अस्तराला थोडी इजा करते. शीर कडक होते, आतून अरुंद होते, कधी पूर्ण बंद होते. निरोगी माणसाला काही फरक पडत नाही, बाजूची दुसरी शीर असते. पण ज्याची किडनी हळूहळू निकामी होतेय, त्याच्यासाठी मनगटापासून खांद्यापर्यंतची प्रत्येक शीर म्हणजे पुढच्या काही वर्षांचं डायलिसिस आहे. (शिवाय किडनीच्या पेशंटला सलाईनचं जादा पाणी झेपेलच असंही नाही, ते वेगळंच.)

म्हणून नियम सोपा आहे. किडनीचा आजार पुढच्या टप्प्यात गेला की दोन्ही हातांच्या शिरा जपायच्या, आणि ज्या हाताने माणूस जास्त कामं करत नाही, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डावा हात, तो तर खासच. रक्त द्यायचं असेल किंवा सलाईन लावायची असेल तर पंजाच्या मागच्या बाजूच्या शिरा वापरायला सांगा. दंडातून हृदयाजवळ नेतात ती पिक लाइन शक्यतो टाळायला सांगा. नर्स घाईत असते, तिला पेशंटची हिस्टरी माहीत नसते. “सिस्टर, या हातात नको, फिस्टुला करायचा आहे,” हे वाक्य कोणीतरी बोलावं लागतं आणि बऱ्याचदा ते सोबत बसलेल्या मुलाने किंवा मुलीने बोलावं लागतं. आई-बाबा स्वतः डॉक्टरांपुढे बोलायला संकोचतात.

दुसरी चूक उशिराची. “डायलिसिस लागेल तेव्हा बघू” असं म्हणून फिस्टुला पुढे ढकलला जातो. पण फिस्टुला आज केला आणि उद्या वापरला असं होत नाही, तयार व्हायला आठवडे ते महिने जातात. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करतेय याचा अंदाज देणारा आकडा, १५ ते २० च्या दरम्यान येऊन घसरतच असेल तर डॉक्टर फिस्टुलाचा विषय काढतात. तो दिवस टाळला तर एखाद्या रात्री दम लागून इमर्जन्सीत जावं लागतं आणि मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस होतं. आपल्याकडे कितीतरी पेशंटची सुरुवात अशीच होते.

ऑपरेशनच्या दिवशी काय होतं?

आधी डॉपलर. ही सोनोग्राफीच असते, फक्त रक्त किती वेगाने वाहतंय तेही दिसतं. हातावर जेल लावून शिरांचा नकाशा काढतात, याला ‘व्हेन मॅपिंग’ म्हणतात. शीर आणि रोहिणी दोन्ही साधारण २ मिमी किंवा त्याहून रुंद हव्यात, शीर थोडी जास्तच असेल तर उत्तम. वर छातीपर्यंतची वाट मोकळी आहे का तेही बघतात.

जागा निवडताना सर्जन खालून वर जातात. पहिली पसंती मनगट, नंतर कोपर, मग दंड. कारण मनगटाचा फिस्टुला बंद पडला तर कोपर शिल्लक राहतं. उलट केलं तर खालच्या जागा वाया जाऊ शकतात. अर्थात मनगटातल्या शिरा बारीक असतील, वय जास्त असेल किंवा डायबेटिसने रोहिण्या कडक झाल्या असतील तर थेट कोपरापासून सुरुवात करणं शहाणपणाचं ठरतं. दंडाच्या आतल्या बाजूची बॅसिलिक शीर चांगली जाड असते, पण खोल असते. ती वापरायची तर उचलून कातडीजवळ आणावी लागते आणि ते ऑपरेशन मोठं असतं.

मनगटाचा फिस्टुला बहुतेक वेळा डे-केअरमध्ये होतो. सकाळी ॲडमिट, संध्याकाळी घरी. फक्त हात बधिर करतात, त्या जागेपुरतं इंजेक्शन देऊन किंवा खांद्याजवळच्या नसांना ब्लॉक देऊन. पेशंट जागा असतो. काही सेंटिमीटरचा छेद घेतात, शीर सोडवतात, तिचं टोक कापून रोहिणीच्या बाजूला पाडलेल्या छोट्या खिडकीत शिवतात. धागा केसासारखा बारीक असतो, म्हणून सर्जन चष्म्यावर भिंग लावून काम करतात. तास-दीड तासाचं काम. आपल्याकडे हे ऑपरेशन कधी व्हॅस्क्युलर सर्जन करतात, कधी युरोलॉजिस्ट, कधी प्लास्टिक सर्जन. पदवीपेक्षा “तुम्ही असे फिस्टुला नेहमी करता का?” हा प्रश्न जास्त कामाचा.

क्लॅम्प सोडला की शिरेत रोहिणीचं रक्त घुसतं आणि बोटाला एक थरथर जाणवते. मांजर गुरगुरताना तिच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी. डॉक्टर तिला ‘थ्रिल’ म्हणतात. पुढची सगळी वर्षं ही थरथर म्हणजे फिस्टुला जिवंत असल्याची खूण.

सहा आठवड्यांची वाट

नवीन प्रेशर मिळालं की शीर फुगते, तिची भिंत जाड होते. याला मॅच्युअर होणं म्हणतात. डॉक्टरांमध्ये ‘सहाचा नियम’ प्रसिद्ध आहे: साधारण सहा आठवड्यांनी शीर ६ मिमी रुंद, कातडीखाली ६ मिमीपेक्षा कमी खोल आणि प्रवाह मिनिटाला ६०० मिली. हा काटेकोर नियम नाही, पण लक्षात ठेवायला बरा.

रुंदीला एवढं महत्त्व का? नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. अकरावी-बारावीच्या फिजिक्समधला पॉईझ्युलचा नियम आठवा. व्यास दुप्पट झाला तर प्रवाह सोळापट. शरीरातली वाहिनी म्हणजे काचेची नळी नव्हे, त्यामुळे गणित तंतोतंत लागू पडत नाही. पण थोडंसं अरुंद झालं की खूप मोठा फटका का बसतो, ते यातून कळतं.

जखम भरली की स्पंजचा बॉल दाबायचा व्यायाम सांगतात. करा, त्याने नुकसान नाही. पण सगळं काही व्यायामावर नसतं. काही फिस्टुला मॅच्युअर होतच नाहीत. अमेरिकेत ८७७ पेशंटवर झालेल्या, २००८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात सुमारे ६० टक्के नवे फिस्टुला ठरलेल्या मुदतीत डायलिसिससाठी नीट वापरता आले नाहीत. त्यात क्लोपिडोग्रेल हे गुठळी रोखणारं औषध दिलं होतं. गुठळ्या कमी झाल्या, वापरता येणारे फिस्टुला मात्र वाढले नाहीत. तेव्हा फिस्टुला नीट झाला नाही म्हणून आईला “तू व्यायामच केला नाहीस” असं ऐकवू नका.

सहा आठवड्यांनी डॉपलरमध्ये प्रगती दिसली नाही तर कारण शोधतात. जोडाजवळ शीर आखडलेली असू शकते, तर बलूनने रुंद करतात. बाजूच्या फाट्यातून रक्त पळून जात असेल तर तो फाटा बांधून टाकतात. हात जाड असल्याने शीर खोल असेल तर वर उचलतात. ही कामंही बहुतेक त्याच दिवशी घरी पाठवण्यासारखी असतात.

शीरच नसेल तर: ग्राफ्ट

मग कृत्रिम नळी, तीही टेफ्लॉनच्याच घराण्यातली, ताणून सच्छिद्र केलेली. रोहिणी ते नीला अशी कातडीखालून, बऱ्याचदा यू आकारात टाकतात. फायदा म्हणजे दोन-तीन आठवड्यांत वापरता येते, काही खास ग्राफ्ट तर एक-दोन दिवसांतही. तोटा म्हणजे फिस्टुलापेक्षा गुठळ्या आणि इन्फेक्शन जास्त, आणि बाहेरची वस्तू असल्यामुळे इन्फेक्शन झालं की अनेकदा काढावीच लागते.

मानेतली नळी

हिची दोन रूपं आहेत आणि लोक ती सर्रास एकच समजतात. पहिली तात्पुरती, मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत थेट घातलेली. ती काही दिवसांचीच सोय, दोन आठवड्यांच्या आत काढलेली चांगली. दुसरी पर्मकॅथ. ही मानेतल्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडापर्यंत जाते, पण तिचं बाहेरचं टोक कातडीखालून थोडा प्रवास करून छातीवर बाहेर पडतं. वाटेत तिच्यावर एक डॅक्रॉनची पट्टी असते, कातडीखालचं मांस त्या पट्टीत वाढून तिला घट्ट धरतं आणि जंतूंची वाट अडते. ती घालायची तर सोनोग्राफी आणि एक्स-रे स्क्रीनवर बघत घालतात. शक्यतो उजव्या बाजूने, कारण तिथून वाट सरळ आहे. हीसुद्धा डे-केअरचीच प्रोसिजर.

कॅथेटरचा प्लस पॉइंट म्हणजे घातल्या दिवशी वापरता येतो आणि दर वेळी सुया टोचाव्या लागत नाहीत. त्यामुळे काही पेशंट म्हणतात, “हीच राहू दे, कशाला हात कापायचा?” भावना समजते. पण ही नळी बाहेरच्या जगातून थेट हृदयापर्यंत जाते, आणि रक्तात जंतू जाण्याचा धोका तिच्यात तिघांत सगळ्यात जास्त असतो. शिवाय ती जास्त दिवस राहिली की छातीतली मोठी शीर आखडते, मग त्या बाजूच्या हातात पुढे फिस्टुलाही नीट चालत नाही. गळ्याच्या हाडाखालची सबक्लेव्हियन शीर तर याच कारणासाठी टाळतात.

नळी असताना ड्रेसिंग भिजवायचं नाही, म्हणजे डोक्यावरून आंघोळ बंद. नळी जोडताना-सोडताना पेशंट आणि टेक्निशियन दोघांच्याही तोंडावर मास्क हवा. आणि डायलिसिस चालू असताना किंवा नंतर थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

अर्थात वय खूप असेल, हृदय कमकुवत असेल किंवा सगळ्या शिरा संपल्या असतील तर पर्मकॅथच योग्य ठरू शकते. पूर्वी सगळीकडे ‘आधी फिस्टुला’ असा जोर होता. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी तो थोडा सैल केला आणि पेशंटच्या पुढच्या आयुष्याचा प्लॅन बघून ॲक्सेस ठरवा, असं सांगितलं.

अरुंद होतंय हे कसं कळतं, आणि पुढे काय?

फिस्टुला अचानक बंद पडला असं वाटतं, पण त्याआधी बऱ्याचदा सिग्नल मिळालेले असतात. मशीनवर व्हीनस प्रेशर दर वेळी थोडं वाढत जातं. सुई काढल्यावर रक्त थांबायला पूर्वी पाच-दहा मिनिटं लागायची, आता वीस लागतात. हात सुजतो. टेक्निशियनला दोन-दोनदा टोचावं लागतं. यातलं काहीही सलग दोन-तीन सेशन दिसलं तर डॉपलर करायला सांगा.

अडथळा दिसला तर फिस्टुलोग्राम. फिस्टुलात एक छोटी सुई घालून डाय सोडतात आणि एक्स-रे स्क्रीनवर रस्ता बघतात. जागा सापडली की बारीक तार पलीकडे नेऊन तिच्यावरून बलून सरकवतात आणि फुगवतात. हृदयाच्या अँजिओप्लास्टीसारखंच, पण फिस्टुलातली आखडलेली शीर चिवट असते, त्यामुळे बलूनमध्ये २० वातावरण किंवा त्याहून जास्त दाब द्यावा लागू शकतो. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो. फुगवताना काही सेकंद चांगलंच दुखतं, हे आधी सांगितलेलं बरं. तासाभरात काम होतं, छोटा टाका घालून घरी. डायलिसिस अजून सुरू झालेलं नसेल तर आयोडीनच्या डायने उरलीसुरली किडनी दुखावू शकते, अशा वेळी डाय कमीत कमी वापरणं किंवा सोनोग्राफीवर बघत बलून करणं हे पर्याय डॉक्टरांना विचारा.

अडचण अशी की बलून केलेली जागा पुन्हा आखडते, कधी सहा महिन्यांत. त्यासाठी पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेले बलून आले. २०२० मध्ये छापलेल्या एका मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी ती जागा पुन्हा उपचार न करता मोकळी राहिलेले पेशंट औषधी बलूनमध्ये ८२ टक्के होते, साध्यात सुमारे ६० टक्के. किंमत अर्थातच जास्त.

गुठळी होऊन फिस्टुला पूर्ण थांबला तर वेळेची शर्यत सुरू होते. एक-दोन दिवसांत गुठळी काढून, मागचं आखडलेलं ठिकाण रुंद केलं तर फिस्टुला वाचू शकतो. “सोमवारी डायलिसिसलाच जातोय, तेव्हा दाखवू” म्हणून शनिवार-रविवार काढला तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

रोज एक मिनिट: बघा, हात लावा, ऐका

डायलिसिस सेंटरमध्ये प्रवाह मोजायची उपकरणं असतात, पण रोजचं काम बोटं आणि कान करतात.

बघा: लालसर, सुजलेलं, पू, खपली न धरणारी जागा. फुगवट्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली असेल तर ते धोक्याचं, तिथे सुई नको. हात डोक्याच्या वर उचलून बघा. चांगला फिस्टुला वर केल्यावर चपटा पडतो. वर करूनही तो टम्म फुगलेलाच राहिला तर पुढे कुठेतरी अडथळा असू शकतो.

हात लावा: थरथर हवी. थरथर जाऊन नुसतं ठोक-ठोक जाणवत असेल तर पुढची वाट आखडली असल्याची शंका.

ऐका: कान लावून किंवा स्वस्तातल्या स्टेथोस्कोपने. चांगला आवाज जाड आणि सलग असतो, लांबून गिरणी चालू असल्यासारखा. तो शिट्टीसारखा बारीक आणि तुटक झाला तर डॉक्टरांना सांगा. आवाजच नाही, थरथरही नाही, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, फोन करा.

त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, घट्ट बाही किंवा बांगड्या नाहीत, उशाखाली तो हात घेऊन झोपणं नाही. सुया रोज त्याच जागी टोचू देऊ नका. त्याने दुखत कमी म्हणून पेशंटला बरं वाटतं, पण तिथली भिंत कमकुवत होऊन फुगा येतो. जागा शिडीच्या पायऱ्यांसारख्या वर-खाली बदलायला सांगा. बोटं गार, निळी पडत असतील, दुखत असतील तर फिस्टुला पंजाचं रक्त पळवतोय, यालाही लगेच दाखवावं लागतं. फिस्टुला खूपच मोठा झाला तर हृदयावर ताण येतो, म्हणून पायऱ्या चढताना नवीन दम लागत असेल तर तेही सांगा.

आणि घरी फिस्टुलातून रक्त उडालं तर? टॉवेल गुंडाळत बसू नका, टॉवेल रक्त शोषतो आणि खाली चालूच राहतं. नेमक्या भोकावर बोटाने किंवा गॉजच्या घडीने घट्ट दाबा, हात वर धरा, १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा. दाब काढून ‘थांबलं का’ बघायचा मोह आवरा.

मोबाईल आणि स्मार्टवॉचचं काय?

स्मार्टवॉच फिस्टुलाच्या हातात नको. पट्टा घट्ट असतो, आणि तिथल्या उलट्यासुलट्या प्रवाहात पल्सचं रीडिंगही भरवशाचं येईलच असं नाही. हात फुगवून बीपी मोजणारं घड्याळ असेल तर मुळीच नको.

फोनच्या लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी माहिती दिसते, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीत ती सोय सेटिंग्जमध्ये आहे. तिथे लिहून ठेवा: “डायलिसिस पेशंट. डाव्या हातात फिस्टुला. या हाताला बीपी, सुई नको.” बेशुद्ध माणूस हे सांगू शकत नाही.

महिन्यातून एकदा त्याच उजेडात, त्याच अँगलने हाताचा फोटो काढा. फुगवटा वाढतोय का हे रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, फोटोत येतं. डॉपलर आणि फिस्टुलोग्रामचे रिपोर्ट आणि कोणत्या तारखेला काय केलं याची यादी एका फोल्डरमध्ये ठेवा, आभा अकाउंट असेल तर तिथेही. हॉस्पिटल बदललं की हीच यादी सगळ्यात आधी विचारतात.

फोनच्या माइकने आवाज रेकॉर्ड करून सॉफ्टवेअरने अडथळा ओळखण्यावर संशोधन चालू आहे. आवाज रेकॉर्ड करून डॉक्टरांना पाठवायला हरकत नाही, पण ॲपने ‘ओके’ म्हटलं म्हणून हात लावून बघणं सोडू नका. ‘नस मोकळी करणारा मसाज’ छाप रील्स तर सरळ स्क्रोल करा. फिस्टुला चोळायची जागाच नाही.

सुईतून फिस्टुला

नवीन गोष्ट म्हणजे छेद न घेता फिस्टुला. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने दोन उपकरणांना मान्यता दिली. वेव्हलिंकमध्ये दोन बारीक कॅथेटर, एक रोहिणीत आणि एक शेजारच्या नीलेत, चुंबकाने एकमेकांना चिकटतात आणि रेडिओ लहरींच्या ऊर्जेने मधली भिंत जाळून वाट करतात. एलिप्सिस हेच काम एका कॅथेटरने, दाब आणि उष्णता वापरून करतं. टाके नाहीत, व्रण नाही. पण दोन्ही वाहिन्या अगदी शेजारी-शेजारी असाव्या लागतात, म्हणजे प्रत्येक हाताला जमत नाही, आणि नंतर बलूनसारखी जोडकामं लागू शकतात. मनगटात चांगली शीर असेल तर साध्या टाक्यांच्या फिस्टुलापुढे हे घेण्याची घाई करावी असं मला वाटत नाही.

खर्चाचं कसं?

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा २०१६ च्या बजेटमध्ये झाली. त्यात गरीब पेशंटना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस मिळतं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. मात्र डायलिसिस फ्री आहे म्हणजे फिस्टुला, पर्मकॅथ, डॉपलर आणि बलूनही फ्री, असं गृहीत धरू नका. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि चारही गोष्टींबद्दल वेगवेगळं विचारा. शक्य असेल तर पहिल्या डायलिसिसच्या काही महिने आधीच.